दोरी ओढून पाहू दे

माझ्या डाव्या हाताची अनामिका वाकत नाही. चहाचा कप धरला की ती एकटी ताठ उभी राहते आणि समोरच्याला वाटतं, मी नखरे करतोय. त्याचा मला राग येतो. तसा मला कशाचाही राग येतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी नागपुरात रामदासपेठेतल्या दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो. एक्स-रेची, सोनोग्राफीची, ऑपरेशनच्या टेबलांची. राहायला प्रताप नगरात. रविवारी आम्ही तिघं मित्र मासे मारायला जातो. ‘मारायला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. हल्ली लोक मासा धरतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. मी सोडत नाही. मरळ काठावर आली की तिच्या डोक्यावर सागाच्या दांडक्याचा एकच घाव घालायचा, डोळ्यांच्या जरा मागे. दुसरा घाव घालावा लागला तर मी स्वतःला शिवी देतो.

आमचं सगळं सामान अमेरिकेतल्या बास नावाच्या माशासाठी बनलेलं आहे. तो मासा आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण मरळीचा स्वभाव तसाच, गवतात दबा धरून बसणारा, त्यामुळे आखूड रॉड, दोरी गुंडाळायची गोल रील आणि रबराचा बेडूक हे सगळं इथे चालून गेलं. बेडूक शेवाळावर टाकायचा आणि टुकटुक करत ओढत आणायचा. मग अचानक शेवाळ फाटतं, पाण्याचा फटाका फुटतो आणि बेडूक नाहीसा होतो. त्या एका क्षणासाठी मी पहाटे उठतो. त्या क्षणी माझ्या अंगात जे येतं ते चांगलं नाही, हे मला ठाऊक आहे, आणि ते मला हवंही असतं.

आमच्यातला एक टाइल्सचं दुकान चालवतो. अंगानं दणकट, मनानं मऊ, मासा मारताना तोंड फिरवतो. दुसरा विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करतो. त्याची आणि माझी वीस वर्षांची दोस्ती आणि वीस वर्षांचं भांडण. तो प्रत्येक स्क्रू काढताना कागदावर लिहितो, लावताना त्या ओळीवर खूण करतो. मी म्हणायचो, लेका, कागद बघून काम करायला कारकून लागतो, कारागीर नाही. तो हसायचा. त्याच्या या हसण्यावरही मी चिडायचो.

तरी तिघांच्या रीली मीच उघडायचो. वर्षातून एकदा, होळीच्या आधी. हा मान माझाच होता आणि त्यात मी कुणाला हात घालू देत नव्हतो. रॉकेलमध्ये सगळे भाग धुवायचे, बेअरिंग वाळवायचे, त्यात तेलाचा एकेक थेंब, दातेरी चाकांना ग्रीसचं बोट. टेबलाभोवती मी काम करत असलो की घरात कुणी फिरकायचं नाही. एकदा एक स्प्रिंग उडाली आणि ती शोधायला बायको वाकली, तर तिच्या पायाखाली ती येईल म्हणून मी एवढ्या जोरात ओरडलो की तिच्या हातातली ताटली पडली. मग ताटली फुटली म्हणूनही ओरडलो. स्प्रिंग माझ्याच खिशात निघाली. ते मी तिला सांगितलं नाही.

त्या वर्षी मी एक सुधारणा केली. एक्स-रेच्या यंत्रातले नट कंपनानं ढिले होऊ नयेत म्हणून मी त्यांना एक निळा चिकट द्रव लावतो. वाळला की नट जागचा हलत नाही. रीलच्या हँडलचा नट नेहमी ढिला व्हायचा, म्हणून तिन्ही रीलींच्या हँडलच्या नटांना मी तो द्रव लावला. स्वतःवर खूश झालो. विमानवाल्याला हे सुचलं नाही, मला सुचलं.

आता आमच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. रीलमध्ये ड्रॅग असतो. मासा फार जोरात ओढू लागला की रीलनं थोडी थोडी दोरी सोडावी, नाहीतर काहीतरी तुटणारच. दोरी किती जोरावर सुटेल ते हँडलशेजारच्या चांदणीसारख्या चाकानं ठरवायचं. तलावावर पोचलो की पहिला बेडूक टाकायच्या आधी प्रत्येकानं आपल्या रीलची दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायची. दुसऱ्यानं ती ओढून बघायची. जड लागली तरी ती यायला हवी. आपली आपण बघायची नाही, कारण आपला हात आपल्याला हवं तेच सांगतो. ही रीत विमानवाल्यानं आणली होती, त्यामुळे मला ती मनातून खुपायची.

त्या रविवारी, रीली उघडल्यानंतर पहिल्यांदाच, आम्ही भंडाऱ्याच्या बाजूच्या, जुन्या मालगुजारांनी म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या एका तलावावर होतो. एप्रिलचं ऊन आठ वाजताच डोक्यात उतरलं होतं. तिघंही तोंडाला दुपट्टे बांधून पाळीवर, तलावाच्या बांधावर उभे. विमानवाल्यानं हात पुढे केला.

“दोरी ओढून पाहू दे.”

मी म्हटलं, ही रील मी उघडलेली आहे. तो पुन्हा म्हणाला, पाहू दे ना. एरवी एकदा नाही म्हटलं की तो सोडून द्यायचा, त्या दिवशी सोडेना. त्यानं माझ्या रॉडच्या टोकाकडे हात नेला तेव्हा मी तो फटकारला. जोरात. टाइल्सवाला मध्ये काहीतरी पुटपुटला, त्याला मी गप्प राहायला सांगितलं आणि तरातरा चालत दूरच्या टोकाला गेलो, जिथे पाळीचे दगड पाण्यात उतरतात.

चौथ्या-पाचव्या फेकीला पाणी फुटलं. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. म्हैस डुंबावी तसं पाणी उसळलं आणि शेवाळाचा हातभर रुंद तुकडा वर उडाला. मी रॉड मागे हाणला. काटा हाडात रुतल्याचं मनगटाला कळलं. फुलमरळ होती, मरळीतली सगळ्यात थोराड जात, आणि त्यातही मोठी. ती खोल पाण्याकडे निघाली आणि रॉड वाकत वाकत माझ्या पोटाला लागला. दोरी सुटेना. मी अंगठ्यानं चांदणी फिरवायला गेलो. ती हलेना. अंगठ्याची साल निघाली तरी हलेना. मग रॉड मधोमध मोडला आणि त्याची एक फाक माझ्या गालाला घासून गेली.

कुठल्याही शहाण्या माणसानं तिथे दोरी सोडली असती. मी मुठीकडचा तुकडा दगडांत टाकला, त्यावर पाय दिला आणि दोरी डाव्या हाताला गुंडाळून ओढायला लागलो. विणलेली दोरी, सुतासारखी बारीक, आणि सुरी नसताना कापणारी. ती हाताला गुंडाळायची नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच किती जणांना शिकवलं होतं. पण त्या वेळी त्या माशानं माझा अपमान केला आहे असंच मला वाटत होतं. तू काय समजतेस, असं मी तिला मोठ्यानं म्हणत होतो. तिनं एक हिसका दिला, मग दुसरा. मी गुडघ्यावर आपटलो आणि कमरेपर्यंत पाण्यात घसरलो. दुखत काहीच नव्हतं. पाणी लाल झालेलं मला दिसत होतं आणि ते रक्त तिचं आहे असं वाटून मला आनंद झाला होता.

विमानवाला धावत आला. त्यानं सुरी काढली आणि माझ्या मुठीपुढे दोरी कापली.

मी उठलो आणि उजव्या हातानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. विचार केला आणि मग मारलं असं झालं नाही. दोरी सैल पडली आणि हात गेला, एवढंच. त्याचा समोरचा दात तुटल्याचं माझ्या बोटांना कळलं. तो दगडांवर बसला. मी त्याला पुन्हा मारायला धावलो, तेव्हा टाइल्सवाल्यानं मागून मला धरलं, खाली पाडलं आणि तो चक्क माझ्या छातीवर बसला. मी त्याच्याखाली तडफडत, शिव्या देत होतो. माझा मासा, माझा मासा, असं ओरडत होतो. मग त्यानं माझा डावा हात धरून माझ्या तोंडापुढे आणला.

अनामिकेचं मांस हाडापर्यंत उघडं होतं. दोरीचे दोन वेढे आतच होते.

गाडी विमानवाल्यानंच चालवली. त्याच्या हनुवटीवरून रक्त शर्टावर येत होतं आणि तो ते एका हातानं पुसत होता. माझा हात त्याच्याच दुपट्ट्यात बांधला होता. नागपूर येईपर्यंत मी एकदाच बोललो, म्हटलं, दहा किलोची होती. त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं.

दवाखाना रामदासपेठेतलाच. ज्या यंत्राच्या पोटात मी आदल्याच महिन्यात हात घातला होता, त्याच यंत्राखाली त्यांनी माझा हात ठेवला. बोट वाचलं, पण आतली दोरी, म्हणजे स्नायूची दोरी, बोट वाकेल इतकी नीट जुळली नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा हिसका बसता तर बोट तळ्यातच राहिलं असतं. मी मान डोलावली. पण बाहेर येऊन जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो की मित्रानं माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा कापून घालवला. रील बनवणाऱ्या कंपनीलाही शिव्या घातल्या. दाताबद्दल बोलत नव्हतो. विमानवाल्याचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. टाइल्सवाल्यानं दोनदा समेटाचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी त्याचं दुकान डोक्यावर घेतलं.

दीड महिन्यानं पट्टी सुटली. पहिल्यांदा टेबलाशी बसलो ते ती रील घेऊन. कंपनीची चूक शोधून काढायची होती मला. चांदणी अजूनही हलत नव्हती. पकड लावून फिरवली तेव्हा ती कडकन सुटली आणि तिच्या आट्यांतून निळा भुगा टेबलावर पडला.

मी तो भुगा बोटावर घेऊन पाहिला. नटाला लावलेला द्रव जास्त झाला होता. तो दांड्यावरून ओघळून चांदणीच्या आट्यांत उतरला होता, आणि नट आवळताना मी चांदणी शेवटपर्यंत घट्ट केली होती. तशीच ती चिकटली. वीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं उघडणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःचं बोट कापलं होतं. मग एकदम आठवलं की हे मी तिन्ही रीलींना केलं होतं.

टाइल्सवाल्याला फोन केला. त्याची रील ठीक होती. तो म्हणाला, दोनेक महिन्यांपूर्वी विमानवाला येऊन ती उघडून गेला, काय केलं ते सांगितलं नाही. मी स्कूटर काढली आणि विमानवाल्याकडे गेलो. वर्धा रोडवर ऊन नुसतं भाजत होतं आणि न वाकणारं बोट हँडलवर ताठ उभं होतं.

त्यानं दार उघडलं. दाताच्या जागी नवा दात होता, जरा जास्तच पांढरा. मी आत गेलो नाही. उंबऱ्यातच उभा राहून विचारलं, तुझी रील दाखव. त्यानं ती आणून माझ्या हातात दिली. मी चांदणी फिरवली. लोण्यासारखी फिरली.

“मी तवाच साफ केली,” तो म्हणाला. “तू दिली ना, त्याच हप्त्यात. निळं निळं होतं आतमंदी.”

म्हणजे त्या रविवारच्या आधी. म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणून तो दोरी ओढून पाहू दे, पाहू दे करत होता. माझ्या कानशिलात रक्त चढायला लागलं, तेच जुनं, ओळखीचं. मी आवाज चढवून म्हटलं, “माहीत होतं तर सांगितलं काहून नाही?”

तो एक पाऊल मागे सरकला. वीस वर्षांचा मित्र, माझ्यापेक्षा वीतभर उंच, स्वतःच्या घरात मागे सरकला. मग म्हणाला,

“सांगतलं असतं त तू मारलं असतं गा मले. नाही सांगतलं, तरी मारलंच.”

त्यात चिडचिड नव्हती. हवामान सांगावं तसं त्यानं सांगितलं. वाकून माफी मागावी असं वाटलं, पण ते मला आजवर जमलेलं नाही आणि तेव्हाही जमलं नाही. मी फक्त म्हटलं, दात माझ्यामुळे गेला. तो म्हणाला, मले माहीत आहे, तवा मी तिथंच होतो. मग त्यानं माझ्या हातातल्या रीलमधून हातभर दोरी सोडवली आणि तिचं टोक माझ्या डाव्या हातात दिलं. मी ओढली. जड लागली, पण आली.

घरी आलो. निळा भुगा टेबलावर तसाच होता. तो कुणी पुसला नव्हता, कारण त्या टेबलाला कुणी हातच लावत नाही. मी माझी रील उचलली, खोललेली, आणि ती हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी निवडत होती. मी तिला विचारलं, मी चिडीन म्हणून तू मला काय काय सांगत नाहीस?

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी हाताकडे पाहिलं, त्यात काय आहे ते.

मी रील ओट्यावर ठेवली. स्टूल ओढलं आणि खाली बसलो.