दाराकडं निघालेली पावलं

गाव सोडलं त्या सकाळी आम्हाला पोचवायला फाट्यावर कुणी आलं नाही. अण्णा, आई आणि मी. एक पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी. भूकंपात पडलेली घरं उभी करायला पत्रे आणि वासे लादलेले ट्रक कोयनानगरकडं धूळ उडवत चालले होते. कराडची एसटी काही येईना. आई ट्रंकेवर बसून गावाच्या वाटेकडं बघत होती. अण्णा म्हणाले, "कशाला बगतीस? कोन येनार न्हाई." ती म्हणाली, "ठावं हाय." आणि एसटी येईपर्यंत बघतच राहिली.

सुशीलाक्का, तू तेव्हा सासरी होतीस. म्हणून तुला सांगते आहे, आणि गावात राहिलेल्या, गावाबाहेर पांगलेल्या सगळ्या भावकीलाही. खरं तर आता सांगायचाही कंटाळा आलाय. पण माझ्यामागं हे सांगणारं कुणी उरणार नाही.

आई ब्रह्मदेशातली. मोठ्या लढाईत गावचे बरेच जण तिकडं होते. ते येताना घोंगड्या आणि हातघड्याळं घेऊन आले, अण्णा बायको घेऊन आले. तिचं माहेरचं नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून ती हौसा झाली. गावची बोली तिनं अशी उचलली होती की पाठमोरी बोलत असली तर कुणाला शंका येऊ नये. तोंड वळवलं की पंचाईत. बारीक डोळे, बसकं नाक, रुंद गालफडं. तेच तोंड तिनं जसंच्या तसं मला दिलं.

चीनशी लढाई झाली त्या वर्षी शाळेत पोरं मला चिनी म्हणायला लागली. मी रडत घरी आले. अण्णा म्हणाले, "सांग त्यास्नी, माजा बा फौजेत हुता म्हनून." मी सांगितलं. पण त्यांचेही बाप, चुलते फौजेतच होते. त्यामुळं काही फरक पडला नाही.

घरात मात्र तसं कुणी बोलायचं नाही. तुझी आई, आमची थोरली आई, घर चालवायची आणि तिच्या हाताखाली माझी आई उसाच्या भांगलणीपासून शेणकुरापर्यंत सगळं करायची. फक्त देवघरातलं काम तिला कधी सांगितलं जायचं नाही. नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. आईला ते कळत होतं. गौरीच्या दिवशी ती गोठ्यात काहीतरी काम काढून बसायची.

गौरीची पावलं दरवर्षी तू काढायचीस. त्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं आणि हात कमी पडले. थोरली आई नदीवर गौर आणायला निघाली तेव्हा उंबऱ्यातून म्हणाली, "हौसा, यंदा पावलं तू काड." आईनं दोनदा हात धुतले. पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून पाऊल उमटवायचं, वर बोटांनी पाच टिपके द्यायचे, हे तिनं लांबून बघितलं होतं. तिनं देवघरापासून सुरुवात केली आणि दारापर्यंत सुरेख, एकसारखी पावलं काढली. सगळ्यांची बोटं दाराकडं. मी मैत्रिणीकडून घरी आले तोवर थोरली आई तेरड्याची गौर घेऊन दारात थबकली होती. तुझे वडील, तात्या, ओरडले, "लक्ष्मी आत येती का भाईर निगाली?"

आई घाबरून गेली. "पाव्हनी येनार," ती म्हणाली, "तर आपुन सामोरं जायाला नगं व्हय? मी आपल्या घरच्यांची पावलं काडली." तिच्या माहेरी पाहुणा दिसला की घरचे धावत फाटकापर्यंत जायचे. थोरल्या आईनं ओल्या फडक्यानं पावलं पुसली आणि गौर आत नेली.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण त्याच हिवाळ्यात कोयनेचा भूकंप झाला. देवघराची भिंत पडली ती नेमकी थोरल्या आईच्या पायावर. मग तात्यांनी काढायचं ते काढलं. "हिनं लक्ष्मी भाईर काडली." अख्ख्या खोऱ्यात घरं पडली होती. त्या घरांतून कुणी पावलं काढली होती, असं मी विचारलं. तात्या नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला फार राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. थोरली आई खाटेवर पडून होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. अण्णांनी सांगलीला हळदीच्या वखारीवर राखणदाराची नोकरी धरली.

सांगलीत माडीवरच्या दोन खोल्या, नळाला रांग, स्टोव्हचा वास. घरमालकीण आईला म्हणाली, "मराठी छान बोलता हो तुम्ही." आई म्हणाली, "मग काय बोलू?" कुणी नेपाळच्या का विचारायचं, कुणी आसामच्या का. तिनं गावाचं नाव सांगितलं की हसायचे. श्रावण सरला की ती जिन्यातल्या पावलांकडं कान लावून बसायची. गौरीला गावी न्यायला कुणी येईल असं तिला वाटायचं. कुणी येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी थोरल्या आईचा पाय चिघळला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण पट्टीसाठी महिनाभर जवळपास राहायला सांगितलं. तात्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं आणि पाणीही न घेता परत गेले. आई तिला आंघोळ घालायची, भाकरी कुस्करून द्यायची. दोघी पावलांबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या. मला त्या गप्प बसण्याचा वैताग यायचा.

गौरी आल्या. आईनं पिठाचं पाणी कालवलं आणि वाटी थोरल्या आईपुढं ठेवली. थोरल्या आईनं ती परत सरकवली. "तूच काड. तुला येत्यात तशी."

आईनं दारापासून आत पावलं काढली. सगळ्यांची बोटं देवाकडं, कुणी नाव ठेवू नये अशी. मग तेरडा घेऊन ती कृष्णेवर गेली. मी बरोबर होते. परत आलो तर जिन्याच्या तोंडाशी आई थांबली. वर थोरली आई कठडा धरून उभी होती. डॉक्टरांनी जिना बंद केला होता, तरी ती एकेक पायरी उतरायला लागली. पाय टेकला की तोंड वाकडं व्हायचं.

"आवं, तुमी कशापायी?" आई खालून ओरडली. "बसा की वर, पाय दुकल."

"पाव्हनी आली," थोरली आई म्हणाली. "सामोरं जायाला नगं व्हय?"

ती खालपर्यंत आली. आईच्या पायावर पाणी घातलं, भाकरीतुकडा ओवाळून टाकला, आणि मग आईच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढली. आई रडत होती आणि गौर सांभाळत होती.

आता त्या दोघी नाहीत, अण्णाही नाहीत. अजून लोक विचारतात, मूळ गाव कुठलं? मी सांगते, मग ते माझ्या तोंडाकडं बघतात, आणि माझ्यात समजावून सांगायचं त्राण उरलेलं नाही. अक्का, गावातलं ते घर तुम्ही पुन्हा बांधलंत, मी दोनदा येऊन बघून गेले. चांगलं आहे. पण घर म्हटलं की मला सांगलीतला तो अंधारा जिना आठवतो, आणि कठडा धरून खाली उतरणारी तुझी आई.