फडकं आणि फुंकणी

सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत मी घाटकोपरच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. चौथीतून शाळा सुटलेली, वय अठरा, नोकरी रंगाच्या कारखान्यात. घर लांब, मालवणाच्याही पलीकडे. जेवायला चाळीतल्याच एका बाईंकडे. त्या विधवा होत्या, आमच्याच मुलखातल्या. दहाबारा कामगारांना रांधून घालायच्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो.

मुंबईत आलो त्या पहिल्याच महिन्यात हिवतापानं पडलो, तेव्हा मावशीनं मला स्वतःच्या पडवीत निजवून पेज पाजली होती. त्याची फेड म्हणून मी तिची पत्रं लिहायचो. तिला अक्षर येत नव्हतं, गावाकडे एकुलता एक भाऊ होता. चौथीपर्यंत शिकलेला मी तिच्या लेखी मोठा विद्वान.

साथ आली तशी मुनसीपालटीची माणसं सांगून गेली, नाकातोंडावर रुमाल बांधा. रस्त्यावर कोण बांधत होतं? पानवाला हनुवटीखाली बांधायचा, मुकादम खिशात ठेवायचा. पण मावशीनं जुनं लुगडं फाडून प्रत्येकाला एकेक फडकं दिलं आणि दारात उभी राहिली.

"रे झिला, फडको खंय तुझो? तोंड बांधल्याशिवाय भितर येव नको!"

आमच्यातला एक साताऱ्याकडचा म्हणाला, "मावशी, जेवायला आलोय का दरोडा घालायला?"

"दरोडो घाल, पण फडको सोडू नको. मी मेलंय तर तुमका रांधून कोण घालतलो?"

जेवताना फडकं सोडावंच लागणार, म्हणून तिनं सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. शाळेत शिक्षा झाल्यासारखे आम्ही पाठीला पाठ लावून आमटीभात ओरपायचो. हसायची सोय नाही, हसू आलं की पाठीवर पळीचा दांडा. मला तर तेही बरं वाटायचं. मी जात्याच भित्रा. फडकं दिवसातून दोनदा साबणानं धुवायचो, गाठ सुटली नाही ना हे दहादा चाचपून बघायचो.

एका सकाळी उठलो तर घसा खरखरत होता. मावशीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं दवाखान्यात धाडलं असतं, तिथून इस्पितळात, आणि कारखान्यात माझ्या जागी दुसरा उभा राहिला असता. वाटलं, एवढंसं तर आहे, जाईल. फडकं मात्र दुहेरी करून बांधलं.

चहाला गेलो तर चूल धुमसत होती. लाकडं ओली. मावशी फडक्याआडून खोकत होती, डोळ्यांतून पाणी.

"दी मावशे, मी फुंकतंय," म्हणालो आणि तिच्या हातातली फुंकणी घेतली. फडकं खाली ओढलं, चारपाच वेळा जोरानं फुंकलं. जाळ लागला. लगेच फडकं नाकावर चढवलं, गाठ चाचपली.

"शाणो माझो झिल," ती म्हणाली. मग तिनं आपलं फडकं खाली केलं, तीच फुंकणी तोंडाला लावली आणि दुसरी चूल पेटवली.

मी समोर बसून बघत होतो. तिच्या मनात काही आलं नाही, माझ्याही नाही. फुंकणी ती, लोखंडाची नळी. घरात ज्याच्या हाताला लागेल त्यानं फुंकायची. पेल्याला उष्टं म्हणतात, फुंकणीला आमच्याकडे कुणी उष्टं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी मला ताप भरला. पुन्हा तिच्याच पडवीत पडलो. पेज घेऊन ती यायची तेव्हा फडकं डोळ्यांपर्यंत ओढलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी ती स्वतः आडवी झाली. मी उठलो, ती उठली नाही. शेवटचे दोन दिवस मी उशाशी होतो, तोंडावर तिच्याच लुगड्याचं फडकं. तिला धाप लागलेली, तरी बोटानं खूण करायची, वर घे, नाकावर घे.

आम्हीच तिला खांदा दिला. परतताना सातारकर म्हणाला, "बाईनं आपल्याला वाचवलं रे. एकाचंही फडकं सुटू दिलं नाही." सगळे हो म्हणाले. मीही मान हलवली.

भावाला पत्र मलाच लिहावं लागलं. 'साथीत गेली' एवढंच लिहिलं. कुणी सांगावं, नळावरून आली असेल, बाजारातून आली असेल. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

पंधरा दिवसांनी भावाचं उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'तुम्ही तोंडास फडके बांधून नियमाने माझ्या बहिणीची सेवा केलीत, हे चाळीतल्या मंडळींकडून समजले. तुमचे उपकार फिटणारे नाहीत.'

त्याला उत्तर लिहायला बसलो. 'फुंकणी' हा शब्द लिहिला आणि कागद फाडला. नंतर पुष्कळदा बसलो. भावाचं ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे, उत्तर गेलेलं नाही.