मागच्या गच्चीवरची डाळ

परभणीत आमच्या घरामागच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ रोज सौरचूल मांडायचे. तेव्हा नवीनच निघालेली ती पेटी, आत काळे डबे, झाकणाला आरसा. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. भांडणात विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी आरसा फिरवला की तिरीप थेट माझ्या डोळ्यांत. वर हाक यायची, "वहिनी, कठड्यावरची गोधडी सरकवा की! सावली पडायलीय, डाळ शिजायची हाय."

आम्ही गॅसला नंबर लावून ताटकळत, रॉकेलच्या धुरात खोकत होतो, आणि हे आपले खुर्ची टाकून डाळीची राखण करायचे. माझा नुसता संताप व्हायचा.

मग आम्ही वर मजला चढवला. त्यांच्या गच्चीवर दिवसभर सावली. म्हटलं, सुटले बाई!

दुसऱ्याच दिवशी ते पेटी छातीशी धरून दारात उभे.

"ऊन तुमच्याकडं आलंय, वहिनी. मग हीबी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मी पेटी नव्या गच्चीवर नेऊन मांडली. तासातासाला आरसा मीच फिरवू लागले. एकदा ह्यांनी गच्चीवर गादी वाळत टाकली, तर मी जिन्यातूनच ओरडले, "सरकवा ती आधी! लोकाची डाळ शिजायलीय!"