पश्चिमेची भिंत आणि सुभेदारांची ट्रंक

नकाशे जुने झाले की आमच्या ऑफिसातून रद्दीत जातात, किस्से मात्र जात नाहीत. ऑफिस म्हणजे काय, दिल्लीतल्या मुनिरक्यात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. तिथे मी आर्किटेक्ट, आणि साइटवर रामफल मिस्त्री. तरी चहाला कोणी आलं की एकट्या जाधवांच्या घराचे किस्से संपत नाहीत, यार!

सुभेदार जाधव साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. मुलगा दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात, म्हणून काकांनी तिकडेच छोटा प्लॉट घेतला. मी स्वतंत्रपणे केलेलं हे पहिलंच घर. पहिल्या मीटिंगला, त्यांच्या भाड्याच्या घरी, काका म्हणाले, "मॅडम, बजेट छोटं, वीजबिल त्याहून छोटं. एसी बिलकुल नको."

काकू शेजारीच भाजी निवडत होत्या. मग म्हणाल्या, "एक उन्हाळा बघीन. न्हाई निभलं, तर मी चालले गावाला." आणि त्यांनी दाराजवळच्या काळ्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. तिच्यावर पांढऱ्या रंगात काकांचं नाव आणि हुद्दा. बदली कधी येईल नेम नाही, म्हणून प्रत्येक क्वार्टरमध्ये ती अर्धी भरलेलीच राहिली होती.

 नोकरीपायी दोघांचा निम्मा संसार लांबलांब झालेला. आता काकांना एवढंच हवं होतं, दोघांनी एका घरात राहायचं. म्हणजे माझ्या नकाशावर काय काय अवलंबून होतं बघा!

*

ऊन कुठून कसं फिरतं, हे मी लॅपटॉपवर तीन दिवस खपून काढलं. मोठ्या ऐटीत साइटवर गेले, तर प्लॉटभर चादरी आणि चादरींवर पापड!

"काकू, हे काय?"

"ऊन बघतीय. हितं तासात वाळलं, माझी झोपायची खोली हितं नको. त्या शेजारच्या सावलीत दुपार झाली तरी ओलंच हैत. तितं चालंल."

मी नकाशा उघडला. झोपायची खोली नेमकी त्याच कोपऱ्यात होती. काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, तुझं पण बरोबर आलं की!"

*

आता रामफलचं. भिंतीत विटा आडव्या न ठेवता उभ्या ठेवायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची, असं मी सांगितलं होतं. विटा कमी लागतात, आणि पोकळीतली हवा उन्हाला आत येऊ देत नाही. रामफलने मान डोलावली.

मी तापाने चार दिवस घरी होते. परत आले तेव्हा पश्चिमेची, म्हणजे सगळ्यात तापणारी भिंत उभी! रामफल हळूच म्हणाला, "मॅडम जी, आप से बीच में जगह खाली छूट गई थी. मैंने भर दी. किसी को बताया नहीं."

पोकळी ही माझी चूक समजून ती झाकायला बिचाऱ्याने पदरच्या विटा घातल्या होत्या! त्याच्यावर ओरडणार कशी? भिंत पाडायला बजेट नव्हतं. काका म्हणाले, "राहू द्या मॅडम. चांगल्या मनानं केलंय." बाकीच्या भिंती रामफलने अगदी हव्या तशा केल्या. माझा जीव मात्र त्या एका भिंतीत अडकून बसला.

*

गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले की बरंचसं ऊन वरच्या वर परत जातं. तुकडे कमी पडले. काकांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर हुकूम सोडला: "पांढऱ्या फुटक्या कपबश्या असल्यास जमा कराव्यात."

रविवारी गोण्या भरून आल्या! एक मावशी अख्खा सेटच घेऊन आल्या.

"अहो, हा फुटलेला नाहीये!"

"मग फोडा की! सासूबाईंनी दिलाय. लग्नापासून मी वाट बघतेय."

त्या गच्चीवर दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांचा चहा आहे. त्या सगळ्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

*

जाधव फेब्रुवारीत राहायला गेले, आणि ट्रंक नव्या दाराजवळ बसली. मी दर आठवड्याला फोन करायचे. काकूंचं एकच उत्तर, "जून येऊ दे." काका मात्र रोज दुपारी फौजी रिपोर्ट पाठवायचे: "बाहेर चव्वेचाळीस, आत बत्तीस. पंखा ड्यूटीवर. बाकी ठीक."

जूनमध्ये सलग दोन दिवस रिपोर्ट आला नाही. काकांना फोन लावला, तर उचलेनात. भर दुपारी गाडी काढली. दार उघडंच होतं आणि दाराजवळची ट्रंक नव्हती.

 गेल्या काकू!

"कोण हाय?" काकू आतून पदराला हात पुसत आल्या.

"रिपोर्ट आला नाही, फोनही कोणी उचलेना, म्हणून..."

"त्ये थर्मामीटर मीच टाकलं काढून. घर आजारी हाय का, सारखा ताप बघायला? आन् फोन असंल पडला कुठंतरी, हे भायेर पानी घालत्यात." मला हाताला धरून त्या घरामागे घेऊन गेल्या. "त्या भिंतीची तुला लई काळजी व्हती न्हवं?"

पश्चिमेची भिंत दिसतच नव्हती. खालपासून खिडकीच्या वरपर्यंत दोडक्याचा वेल चढलेला, पिवळी फुलं लागलेली. आणि वेलाच्या बुडाशी मातीने काठोकाठ भरलेली, काळी, पांढऱ्या अक्षरांची ट्रंक.

मी हिशेब केला. एवढा वेल चढायला मार्चमध्येच बी लावायला हवं. तेव्हा तर उन्हाळा सुरूही झाला नव्हता, आणि काकू मला "जून येऊ दे" म्हणत होत्या!

ट्रंकेच्या बुडातून पाणी झिरपत होतं. कोणीतरी खिळ्याने एका रांगेत, सारख्या अंतरावर भोकं पाडली होती. मी काकांकडे बघितलं. ते हातात झारी घेऊन ताठ उभे राहिले.

"ऑर्डर होती," म्हणाले.