मिटवलेली सीडी

आदिलाबादला मी कापसाच्या एका हंगामापुरता आलो होतो. गाव सांगलीकडचं, शाळा सातवीत सुटलेली. हंगाम संपला, जिनिंग बंद झाली, आणि रिकाम्या हातानं घरी जायचं धाडस होईना. अशा वेळी एका निवृत्त शिक्षकांनी मला आपल्या घरामागची खोली दिली. पाणी भरायचं, बाजार आणायचा, त्यांच्या दोन कॉम्प्युटरांवरची धूळ पुसायची, एवढंच काम. त्यांना सगळं गाव सर म्हणायचं, मीही सरच म्हणू लागलो. त्या आसऱ्याचं ओझं अजून मनावर आहे, आणि ते हवंहवंसं आहे. तेव्हा मात्र एकच धास्ती असायची: आपल्या हातून काही बिघडलं तर सर जा म्हणतील का?

सरांना सीड्या जमवायचा नाद होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. नागपूरहून येणाऱ्या कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर फुकट सीडी मिळायची. एकीवर नकाशे, दुसरीवर ज्ञानकोश, तिसरीवर नुसते फॉन्ट. शिवाय सर स्वतःही कोऱ्या सीड्यांवर मजकूर उतरवायचे, म्हणजे सीड्या लिहायचे. हे सगळं ज्वारीच्या रिकाम्या कोठीत भरलेलं. एक सीडी हवी असली की कोठी उपडी करावी लागे. शेवटी सरांनीच त्या ढिगातून सीड्यांची यादी करणारी तीन सॉफ्टवेअर शोधून काढली.

"तिन्ही चालवून पाय," ते म्हणाले. "एकेक सीडी घाल, अन् सांग मले कोणतं ठेवायचं ते. माह्या डोळ्यानं आता होत नाही गड्या."

सातवी नापास माणसाला असं कुणी विचारलं नव्हतं. मी जीव ओतून कामाला लागलो.

पहिलं काळ्या पडद्याचं. ते फक्त जुन्या कॉम्प्युटरवर चाले. नावं आठ अक्षरांवर तोडायचं, पण शोधायला विजेसारखं. दुसरं नव्या कॉम्प्युटरवरचं, पिवळ्या फोल्डरांचं. त्यात पूर्ण नावं दिसत, आणि सीडी कोठीत पडलेली असली तरी पडद्यावर तिच्या आत हिंडता येई. पहिल्या दिवशी त्यानं अंगावर काटा आला. वस्तू इथं नाही, आणि तरी तिची एकेक खोली उघडतेय. तिसरं दिसायला सगळ्यांत देखणं, चित्रांचे बारके ठसे दाखवायचं, पण चाचणीपुरतं दिलेलं. थोड्या सीड्या झाल्या की रजिस्टर करा म्हणून अडून बसे. ते मी लगेच बाद केलं. माझा कल दुसऱ्याकडे होता. तरी चूक व्हायला नको म्हणून प्रत्येक सीडी मी आधी नव्या आणि मग जुन्या कॉम्प्युटरवर घालून दोन्ही याद्या ताडून बघायचो.

याद्या जुळायच्या. एका सीडीची जुळेना.

तिच्यावर सरांच्या अक्षरात 'प्रश्नपत्रिका' लिहिलेलं होतं. नव्या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिकाच दिसल्या. जुन्यावर एकही प्रश्नपत्रिका नाही, त्यांच्या जागी ओळीनं पाठ: पाठ एक, पाठ दोन, पाठ तीन. सीडी काढली, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. बाहेरून बंद जिनिंगच्या आवारात उरलेला कापूस उडून यायचा आणि त्याची तुसं काचेच्या पडद्याला चिकटायची. त्या पांढऱ्या केसांमधून ती नावं माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी मोडलं, असंच मला वाटलं.

जेवताना धीर करून विचारलं, "सर, त्या प्रश्नपत्रिकांच्या सीडीवर पाठपण आहेत का?"

सरांचा घास हातातच राहिला. "होते," ते म्हणाले. "मिटवले म्या." आणि ताट तसंच ठेवून उठले.

आता आमच्याकडे डोळे मिटतात, छत्री मिटतात, पाटी असेल तर पुसतात. सीडी लिहून झाली की ती बंद करावी लागते, नाहीतर दुसऱ्या मशीनवर वाचता येत नाही, हे सरांनीच मला शिकवलं होतं. तेव्हा मी धरून चाललो की सरांनी सीडी मिटली, म्हणजे नीट बंद केली. मग त्यात बिघडलंय काय? त्या भागात हिंदी कानावर पडून पडून लोक पुसून टाकण्यालाच मिटवणं म्हणतात, हे मला कळलं असतं तर मी त्या सीडीला परत हात लावला नसता.

दुपारी सर आडवे झाले. मी जुन्या कॉम्प्युटरवर पाठ एक लावला.

आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज, अगदी जवळून:

"ये."

मी मागं बघितलं. दारात कुणी नव्हतं. आवाज गप्प होता, पण संपलेला नव्हता. कुणीतरी वाट बघत असल्यासारखी ती शांतता होती.

"बरोबर," आवाज म्हणाला. "जा."

पुन्हा ती शांतता.

"बरोबर. बस."

मी बसलो. खरंच बसलो, जमिनीवर.

स्वयंपाकाच्या मावशी हातात झारा घेऊन दारात आल्या. "कोण बोलून राह्यलं रे?"

"मशीन आहे, मावशी."

"मशीन कायचं बे!" झाऱ्यातून तेल ठिबकत होतं, त्यांना भान नव्हतं. "बाईचा आवाज हाये हा. आमच्या बाईचा. काऊन लावला तू? त्या जाऊन किती वर्सं झाली, पोरा!"

बाई म्हणजे सरांची बायको, एवढं मला ठाऊक होतं. जवळच्या तलमडुगु गावच्या शाळेत त्या मराठी पोरांना तेलुगू शिकवायच्या. मी यायच्या कितीतरी आधी त्या वारल्या होत्या. घरात त्यांचा विषय निघत नसे.

तेवढ्यात मावशींच्या मागं सर दिसले. चष्मा नव्हता, एक हात चौकटीवर.

"तुमाले ऐकू येते का?" त्यांनी विचारलं. "का मलेच येऊन राह्यला आवाज?"

"येतोय, सर," मी म्हणालो.

"मलेबी येते," मावशी म्हणाल्या. "अन् भेव वाटून राह्यलं."

सर खुर्चीत बसले. मग तुटक तुटक बोलले. बाईंनी पोरांसाठी कॅसेटवर पाठ भरून ठेवले होते. मराठी शब्द सांगायचा, पोरांनी तेलुगू म्हणावं म्हणून थांबायचं. कॅसेटींना बुरशी धरली तेव्हा सरांनी ते या सीडीवर उतरवले आणि खराब कॅसेटी फेकल्या. पुढं जागा उरली होती म्हणून त्याच सीडीवर प्रश्नपत्रिका टाकल्या. त्यानंतर पाठ दिसेनात. नव्या कॉम्प्युटरवर किती वेळा बघितलं, नाहीत.

"माह्या हातानं मिटवलं म्या तिले," सर म्हणाले. "कोणाले सांगू?"

तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ लागला. सीडीचा उलगडा पुढं नागपूरच्या एका मेकॅनिकनं केला. दुसऱ्यांदा लिहिताना आधीची यादी बरोबर घ्यायला सर विसरले होते. नव्या मशीनला फक्त शेवटची भर दिसे, जुन्याला फक्त पहिली. पाठ तिथंच होते सगळा वेळ. त्या दुपारी मात्र उलगडा नव्हता, आवाज होता.

"घर," बाई म्हणाल्या.

"इल्लु," सर पुटपुटले.

"बरोबर. दार."

"तलुपु."

"बरोबर. मीठ."

या वेळी सर बोललेच नाहीत. शब्द त्यांना येत होता. ओठ घट्ट धरून ते त्या शांततेत थांबले, जणू आता तरी तिकडून काही वेगळं येईल.

"बरोबर," बाई म्हणाल्या, त्याच सुरात.

मावशींनी पदराचा बोळा तोंडात धरला. मलाही तिथं थांबवेना, आणि उठवेना.

पाठ संपला. मागं खरखर चालू राहिली. कॅसेट बंद करायचं राहिलं असणार. बांगड्या वाजल्या. लांबून एका तरुण पुरुषाचा आवाज आला: "झालं का?"

तो सरांचा होता. मी ओळखला, आणि सरांनीही.

"थांबा ना जरा," बाई म्हणाल्या.

सरांचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला होता. तो त्यांनी मागं घेतला.