शून्य रुपयांचं तिकीट

नोकरीसाठी मी रोज अमरावतीहून अकोल्याला जाते. बडनेऱ्यापर्यंत शहर बस, पुढे रेल्वेचा पास. त्या दिवशी संध्याकाळी आई तेल्हाऱ्याहून एसटीने अकोल्याला येणार होती आणि तिथून माझ्यासोबत घरी. तिची बस उशिरा आली. ती ऑटोतून उतरली तेव्हा गाडी फलाटावर लागलेली होती.

"माय, तिकीट काढायचं हाय."

"हाय ना माह्यापाशी. चाल तू."

मी तिला हात धरून डब्यात चढवलं.

मूर्तिजापूर सुटल्यावर तिने तिकीट दाखवलं. ते एसटीचं होतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मिळतं ते, शून्य रुपयांचं. प्रवास फुकट म्हणजे रेल्वेही त्यातच आली, असं तिला वाटलं होतं.

मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढून पाहिलं, निघेना. तेवढ्यात डब्याच्या दुसऱ्या टोकाला टीसी दिसला. दंड भरण्याइतके पैसे होते माझ्याजवळ. पण रोजची ओळखीची माणसं आजूबाजूला, आणि त्यांच्यासमोर आईला विनातिकीट म्हणून उभं करणार! मी तिला उठवून संडासाकडे नेलं.

"आत जा, कडी लाव. मी आवाज देईन तवाच उघड."

"कावून वं?"

मी दार ओढून घेतलं.

टीसीने माझा पास पाहिला आणि पुढे गेला. मी हाक मारली. आतून कडी खडखडली.

"उघडून नाही राहिली वं."

पुन्हा खडखडली. मग आतून काहीच ऐकू येईना. आईला दमा आहे. गाडी भरधाव पळत होती आणि मी दोन्ही हातांनी दार बडवत होते. शेवटी मीच ओरडले, "टीसी साहेब, माझी आई आत अडकली!"

तो धावत आला. दोनदा खांदा लावल्यावर कडी सुटली. आई भिंतीला टेकून उभी होती, घामाने भिजलेली. त्याला पाहताच तिने मूठ उघडली.

"साहेब, तिकीट हाय माह्यापाशी."

त्याने ते पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, हे एसटीचं आहे."

"माहीत आहे मला."

आईला पाणी पाजून होईपर्यंत तो थांबला, मग दंडाची पावती फाडली. सगळे पाहत होते.

बडनेऱ्याला शहर बसमध्ये बसल्यावर आईने विचारलं, "मले लपवलं व्हतं का तू?"

मी हो म्हणाले.

आजही कोणी चालत्या गाडीत संडासाची कडी लावली, की ती उघडेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.