दोन खुनांच्या बातम्या

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांनी मला निर्भीड पत्रकार म्हणून शाल पांघरली त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. बाहत्तरच्या दुष्काळात घोडेगाव भागातून नगरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, दुसऱ्या दिवशी छापून यायचं. चहाच्या दुकानात एकजण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. छापलं म्हणजे खरं — माझ्या शब्दांत एवढी ताकद? मीच थक्क व्हायचो.

त्या उन्हाळ्यात दोन खून झाले. एका शेतकऱ्यानं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाच्या डोक्यात फावडं घातलं. मी त्याच्या वस्तीवर गेलो, वाळलेला ऊस पाहिला, शेजाऱ्यांना विचारलं. लिहिलं — कष्टाळू शेतकऱ्याच्या हातून रागाच्या भरात अघटित घडलं.

दुसरा खून बाईनं केला. गयाबाई म्हणू तिला. दुष्काळी कामावर खडी फोडायची. त्याच हातोडीनं तिनं नवऱ्याला मारलं आणि भर दुपारी, लेकीचं बोट धरून, पोलीस पाटलाच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिथंच होतो.

"मालकाला मी मारलं," ती म्हणाली. "आदी पोरीला भाकर द्या."

इतकं सरळ बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं — नंतरही नाही.

मग तेच का नाही लिहिलं? का मारलं, एवढं तरी का नाही विचारलं — त्या शेतकऱ्यासाठी तर दारोदार फिरलो होतो ना? पण बाई म्हटल्यावर मला कारण ठाऊकच होतं. मी लिहिलं — तिचे परपुरुषाशी संबंध असल्याची गावात कुजबुज आहे.

गावात कुजबुज नव्हती. कुणी चकार शब्द काढला नव्हता. संपादकांनीही मागितलं नव्हतं. ती ओळ मी रचली — पलीकडे एसटी उभी असताना, पाकीट चिकटवण्याआधी. मोठ्या मथळ्यात छापून आली. दुकानात वाचणाऱ्यानं ती पुन्हा वाचायला घेतली. आणि संध्याकाळपर्यंत गावात खरोखर कुजबुज सुरू झाली. तो कोण असेल, याची नावंसुद्धा निघाली.

पुढं नगरच्या कोर्टात, साक्षीतून मला कळलं — नवरा दारूच्या नशेत पोरीवर कुऱ्हाड घेऊन धावला होता. बाहेर व्हरांड्यात गयाबाई पोलिसाशेजारी बसली होती. तिनं मला हाक मारली.

"दादा, ती बातमी तुमीच लिवली व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"माजा भाऊ पोरीला न्यायाला आल्ता. बातमी आयकली अन् माघारी गेला. म्हन्ला, ही कुनाची पोर हाय कुनाला ठावं." तिचा आवाज चढला नाही. "तुमी लिवलेला गडी कोन, मला ठावं न्हाई. तुमाला आसंल. त्याला तरी सांगा — पोरीला घिऊन जा म्हनावं."

टोमणा होता तो? की खरंच विचारत होती? तिच्या डोळ्यांत पाहूनही मला कळलं नाही. तिनं खून कबूल केला होता, तो एका वाक्यात. मला माझी एक ओळ कबूल करायची होती. मी 'बघतो' म्हणालो आणि जिना उतरलो.

तिचा भाऊ पाथर्डीकडचा होता. तिकडं एसटी जात होती. मी बसलो नाही. चूकदुरुस्ती छापा असं दैनिकाला कळवलं नाही — मग माझं कुणी खरं धरलं असतं? पोर अनाथाश्रमात गेली.

असा गडी कुणीच नव्हता. एवढं तिलासुद्धा मी सांगितलं नाही.